कुलूप कुठे बसवायचं?

पोराला काढता येणार नाही असं काहीतरी फोनमध्ये टाकून द्या, ही मागणी मोबाइलच्या दुकानांत आता नवी राहिलेली नाही. बारामतीत भिगवण रस्त्याला ती होते, इंदापुरात होते, कारखान्यांच्या गावांत होते. मागणाऱ्याला वाटतं, प्रश्न तंत्रज्ञानाचा आहे. एखादं पक्कं ॲप मिळालं की सुटला. माझं म्हणणं असं की हा प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि जागेचा जास्त आहे. कुलूप किती मजबूत यापेक्षा ते कुठे बसवलं, केव्हा बसवलं आणि बसवणारा स्वतः त्या बंधनात आहे का, यावर ते टिकतं किंवा तुटतं. हे नुसत्या तर्काने पटवायची गरज नाही. हव्याहव्याशा गोष्टीला कुलूप घालण्याचा या दोन तालुक्यांचा अनुभव सव्वाशे वर्षांहून जुना आहे. फोन तिथे फार उशिरा आला. त्याआधी पाटाचं पाणी होतं.

नीरा डावा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळात हाती घेतला गेला आणि १८८५ च्या सुमारास वीरच्या बंधाऱ्यापासून त्यात पाणी सुटलं. तेव्हा आजच्या बारामतीचा तालुका भीमथडी म्हणून ओळखला जाई. पुरंदर आणि भीमथडीतून वळणं घेत कालवा इंदापुरात जाऊन संपतो. न विचारता पाणी घेतलं जाणार याची सरकारला कल्पना होतीच. मुंबई इलाख्याचा १८७९ चा पाटबंधारे कायदा झाला आणि परवानगीशिवाय पाणी वळवणं, दारांना हात लावणं गुन्हा ठरला. चारीच्या तोंडाशी लोखंडी दार, दाराला कुलूप, किल्ली पाटकऱ्याच्या कमरेला, अशी व्यवस्था बसली. कागदावर ती चोख होती. पण उन्हाळ्यात ऊस वाळायला लागला की कुलपाचं काय होतं, हे कालव्याकाठच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. दार उचकटायचं, नाहीतर दाराच्या वाटेला न जाता चारीच फोडायची. पुढे इंजिनं आली, विजेच्या मोटारी आल्या आणि कालव्याच्या भरावावरून पाइप थेट पाण्यात उतरले. कुलूप दारावर होतं, पाणी मात्र मैलोन् मैल उघड्यावरून वाहत होतं.

याला नुसतं चोरी म्हणून सोडून देणं सोपं आहे. अभियंता विश्वेश्वरय्यांनी तसं केलं नाही. मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना, १९०३-०४ च्या सुमारास, त्यांनी नीरा कालव्यासाठी जी गटवारीची म्हणजे ब्लॉकची पद्धत मांडली तिचं मर्म वेगळं होतं. तोवर शेतकरी पिकागणिक, हंगामागणिक अर्ज करायचा. पाणी मिळेल की नाही, कधी मिळेल, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असायचं. ब्लॉकमध्ये ठरावीक सलग क्षेत्राला काही वर्षांसाठी पाणी मंजूर झालं, त्यात ऊस किती आणि इतर पिकं किती याचं प्रमाण ठरलं आणि पाळीने पाणी येऊ लागलं. म्हणजे बंधन वाढलं, पण त्याबरोबर खात्रीही वाढली. पाळी कधी येणार हे ज्याला माहीत आहे त्याला रात्री फावडं घेऊन जायचं कारण कमी उरतं. पद्धत सर्वत्र नीट पाळली गेली असं नाही; इंदापूर तालुक्यातल्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, २२ गावांचा पाणीप्रश्न प्रत्येक निवडणुकीत निघतो, आणि आवर्तन टेलपर्यंत पोचवायचं तर कालव्यालगतच्या मोटारींची वीज तोडायची, बंदोबस्त लावायचा, हे महाराष्ट्रात नेहमीचं आहे. पण त्या उपायातही शहाणपण दिसतं. हजार मोटारींना हजार कुलपं घालत बसण्याऐवजी वीज जिथून येते तिथे हात घातला जातो. पुढे राज्याने २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला आणि पाणी मोजून पाणीवापर संस्थेच्या दारात द्यायचं, आतली वाटणी शेतकऱ्यांनी आपसात करायची, असं ठरवलं. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर हे आधीच करून दाखवलं गेलं होतं.

टेलिफोनच्या बाबतीत हाच धडा घरोघरी, छोट्या प्रमाणात पुन्हा गिरवला गेला. चकती फिरवायचे फोन होते तेव्हा बाजारात डायलचं कुलूप मिळायचं. नाण्याएवढं, चकतीच्या एका भोकात बसणारं; ते लावलं की चकती फिरायची थांबते. किल्ली वडिलांच्या नाहीतर दुकान असेल तर मालकाच्या खिशात. फोन येऊ शकतो, करता येत नाही. पण चकती फिरताना नेमकं काय होतं? तारेतून जाणारा प्रवाह अंकाइतक्या वेळा तुटतो, बस. हेच काम रिसीव्हर ठेवायच्या खटक्याने होतं. पाचसाठी पाचदा टकटक, शून्यासाठी दहादा, मध्ये क्षणभर थांबायचं. बोटांची लय साधली की कुलूप जागच्या जागी राहून फोन लागायचा. कुलूप चकतीला होतं, तारेला नव्हतं. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नव्हती, तरी हॉस्टेलपासून पेढीपर्यंत सगळीकडे पोचली होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं टपालखातं फार कार्यक्षम असतं.

मोठ्यांनाही ते कळत होतं. म्हणून पुढची पायरी आली ती एक्स्चेंजमधली. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, तिची ग्रामीण एक्स्चेंजं खेड्यापाड्यांत बसू लागली आणि इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजमुळे एसटीडी बंद ठेवण्याची, गुप्त आकडा टाकून ती उघडण्या-मिटण्याची सोय मिळाली. बारामतीचा कोड ०२११२, इंदापूरचा ०२१११, वालचंदनगरचा ०२११८. शेजारच्या तालुक्यातल्या मामाशी बोलायचं तरी सुरुवातीला शून्य लागायचं, म्हणजे बिल वाढायचं. आता ते शून्य एक्स्चेंजच स्वीकारत नव्हतं. इथे कितीही टकटक केली तरी उपयोग नाही, कारण कुलूप घरात नव्हतंच. डायलचं कुलूप हरलं आणि एसटीडीचं टिकलं, यात लोखंडाचा काही संबंध नाही. एक वस्तूवर होतं, दुसरं पुरवठ्यावर. अर्थात गुप्त आकडा म्हणून घरातल्याच कुणाची जन्मतारीख ठेवली असेल तर तेही दोन दिवसांचं पाहुणं ठरायचं.

केबल टीव्हीने या इतिहासात एक वेगळी गोष्ट मिळवून दिली. नव्वदीत टीव्हीला सरकत्या दारांची लाकडी कपाटं होती आणि त्यांनाही किल्ली होती. त्या कपाटांनी कुणाचा क्रिकेटचा सामना चुकवला असेल असं वाटत नाही. परिणामकारक ठरलं ते दुसरंच. घरात दहावीचं वर्ष आलं की केबलवाल्याला सांगून कनेक्शनच तोडायचं. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत हा जवळजवळ संस्कारच होऊन बसला. तो चालला याचं एक कारण तार बाहेरून तुटत होती हे. त्याहून मोठं कारण असं की ती सगळ्यांचीच तुटत होती. आईची मालिका बंद, वडिलांच्या बातम्या बंद. मुलाला त्या वर्षाचा कंटाळा येत असेल, पण आपल्यावर अन्याय होतोय असं म्हणायला जागा नव्हती. आणि मार्च संपला की केबल परत येणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. इथे नीरेच्या पाळीची आठवण होणं साहजिक आहे.

आता स्मार्टफोन. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि डेटा स्वस्त झाला, हे खरं. पण मुलांच्या हातात फोन अधिकृतपणे दिला तो शाळेने. मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले, राज्याने ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ म्हटलं, आणि गृहपाठ व्हॉट्सॲपवर येऊ लागला. घाई इतकी होती की बहुतेक घरांत मोठ्यांचा जुना फोन, मोठ्यांच्याच गूगल खात्यासकट, मुलाकडे गेला. कुलपाच्या दृष्टीने ही सगळ्यात वाईट सुरुवात. कारण अँड्रॉइड फोनवर पक्कं नियंत्रण दोनच प्रकारे बसतं: एक तर खातंच मुलाच्या वयाचं, पालकाच्या खात्याला जोडलेलं असावं, नाहीतर फोन कोरा असताना, पहिल्यांदा सुरू करतानाच त्याचा ताबा व्यवस्थापन करणाऱ्या ॲपकडे द्यावा. वापरात असलेल्या फोनवर नंतर चढवलेलं ॲप म्हणजे डायलचं कुलूप. सेटिंगमध्ये जाऊन त्याची परवानगी काढता येते. फोन सेफ मोडमध्ये सुरू केला की बाहेरून टाकलेली ॲप निजून राहतात. घड्याळ मागे केलं की काही ॲपची वेळमर्यादा फसते. पाहुण्याचं खातं उघडता येतं. आणि काहीच जमलं नाही तर फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करता येतो. गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये तर तेरा वर्षं पूर्ण झाली की मुलाला देखरेख स्वतःहून थांबवता येईल, पालकाला फक्त सूचना जाईल, अशी तरतूद कंपनीने वर्षानुवर्षं ठेवली होती. पालकांना काळजी वाटायला लागते तेरानंतर, आणि सैल पडायची सोय नेमकी तिथेच होती.

काढता न येणारं कुलूप तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, असा यातून अर्थ निघत नाही. ते कुणी बनवलं हे पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. हप्त्यावर फोन विकताना वित्त कंपन्या दुकानातच, खोका फोडल्यावर लगेच, आपलं लॉक बसवत. हप्ता चुकला की फोन बंद, आणि पुसूनही ते जात नाही. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये कर्जदात्यांना हा प्रकार थांबवायला सांगितलं, इतका तो जालीम होता. वीस हजारांच्या वसुलीसाठी जी कारागिरी गावोगावच्या काउंटरवर पोचली, ती दहावीच्या पोरासाठी पालकाच्या हाती सहज मिळत नाही. बाजाराला कुठल्या कुलपात रस आहे ते यावरून कळतं.

मग पालकाच्या हाती मूळ ठिकाण कोणतं? ते त्याच्या नावावरच आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला सिमकार्ड मिळत नाही. मुलाच्या फोनमधलं सिम आईच्या नाहीतर वडिलांच्या आधारवर घेतलेलं असतं. रिचार्ज तेच करतात. घरी वायफाय असेल तर राउटरचा पासवर्ड त्यांचा. रोज दोन जीबीचं पॅक घ्यायचं की महिन्याला मोजका डेटा देणारं घ्यायचं, रात्री दहाला राउटर बंद करायचा की नाही, हे निर्णय फोनच्या बाहेर आहेत आणि फोन पुसून ते पुसले जात नाहीत. मित्राचा हॉटस्पॉट राहतोच. पण शेजाऱ्याच्या चारीतून रोज पाणी घेता येत नाही, शेजारीच दोन दिवसांत कुरकुरतो.

यावर पहिला आक्षेप असा की मूल काही शेतकरी नाही. पाणी शेतकऱ्याच्या हक्काचं आणि पोटाचं. रील्स कुणाच्या हक्काच्या? मान्य. म्हणूनच पाण्यापेक्षा डेटाची पाळी जास्त कडक असायला हरकत नाही. पण वागणुकीचा नियम तोच राहतो: बंधनाचं वेळापत्रक माहीत नसेल तर माणूस मिळेल तेव्हा मिळेल तितकं ओढून घेतो. बापाचा पारा चढला की फोन हिसकावायचा आणि उतरला की परत द्यायचा, या घरच्या पद्धतीत मुलगा नेमकं हेच शिकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कुलूप कशाला, विश्वास ठेवा, बोला, समजावा. याच्या बाजूने चांगला पुरावा आहे, आणि तो सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातून येतो. मोहित्यांचे वडगाव इथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला मंदिरावरून भोंगा वाजू लागला. दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा. लॉकडाउननंतर मुलं अभ्यासाला बसेनात म्हणून गावाने हे ठरवलं. ॲप नाही, पासवर्ड नाही. सुरुवातीला लोक हसले. मग शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या घरोघर फिरल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सीच्या ग्रामसभेने दुसरा रस्ता धरला: अठरा वर्षांखालच्यांना मोबाइल वापरायला बंदी. या दोन ठरावांत मला पहिला सरस वाटतो, आणि त्याचं कारण तो मवाळ आहे हे नव्हे. वडगावचा भोंगा मोठ्यांनाही लागू होता, बान्सीचा ठराव फक्त लहानांना. पण वडगावला विश्वासाचा विजय म्हणणंही बरोबर नाही. गावभर ऐकू जाणारा भोंगा आणि दारात येणारी अंगणवाडीची ताई हे नियंत्रणच आहे, आणि ते मुलाच्या हाताबाहेरचं आहे. फक्त ते फोनमध्ये नाही.

मोठ्यांचा मुद्दा तोंडी लावण्यापुरता घेऊ नये. बारामती लोकसभा मतदारसंघात इंदापूरही येतं. तिथल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं होतं. कामाची वेळ संपल्यावर वरिष्ठांचा फोन किंवा मेल न घेण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, असं ते होतं. चाळीस वर्षांच्या पगारदार माणसाला स्वतःच्या फोनपासून वाचायला कायदा लागत असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलाने आत्मसंयमावर निभावून न्यावं ही अपेक्षा जरा जादाच आहे.

तिसरा आक्षेप मुलींचा आहे आणि तो सहजी निकालात निघत नाही. कुलपाचा इतिहास आपल्याकडे लिंगभेदाशिवाय लिहिताच येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी साधारण ५४ टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या अहवालासाठी झालेल्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के होते आणि मुली १९.८ टक्के. याचा अर्थ असा की घरात एखादं पक्कं कुलूप आलं तर ते आधी कुणाच्या फोनवर बसेल हे सांगायला ज्योतिषी नको. मुलीच्या फोनचं लोकेशन पाहायचं, मेसेज वाचायचे, आणि मुलाला ‘जरा कमी बघ’ एवढं म्हणून सोडायचं. आमचं कुलूप काळजीपोटी आहे, असं म्हणणाऱ्या घराने त्याच वयाच्या भावाचा फोनही तसाच लावून दाखवावा. तेवढी परीक्षा पुरे. शिवाय वेळ, ॲप आणि रात्रीचे तास आवरणं वेगळं, मेसेज वाचणं वेगळं. एसटीडीचं कुलूप कुठे फोन लावायचा ते अडवत होतं, कान लावून ऐकत नव्हतं. ती मर्यादा त्या कुलपात होती म्हणून ते घरात चाललं.

चौथा आक्षेप अभ्यासाचा. फोन बंद केला तर शिक्षण बुडेल. ‘असर’च्याच २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारे ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. तेव्हा अभ्यासाची सबब खोटी नाही, पण पूर्णही नाही. आणि फोन पूर्ण काढून घेणं हा नियंत्रणाचा कडक प्रकार नसून नियंत्रणाचा अभाव आहे, कारण तो परत कसा द्यायचा याचा विचारच त्यात नसतो.

सरकारं आता किल्ली कंपन्यांच्या दाराकडे नेऊ पाहत आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांची समाजमाध्यमांवरची खाती रोखण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळता येणारी संमती मागितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची सवड आहे. दिशा बरोबर आहे. मात्र कालव्याचा कायदा १८७९ चा होता आणि दारं त्यानंतरही उचकटली गेली, तेव्हा तोवर हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नाही.

म्हणून अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत फोन घ्यायला निघालेल्या आईवडिलांना एवढंच सांगायचं आहे. आपला जुना फोन आपल्या खात्यासकट देऊ नका. द्यायचाच तर आधी पूर्ण पुसून घ्या. नवा असेल तर तो दुकानात चालू करून मुलाच्या हाती सोपवू नका. घरी त्याच्या शेजारी बसून त्याच्याच खऱ्या वयाचं खातं उघडा, ते आपल्या खात्याला जोडा आणि पिन आपल्या वाढदिवसाचा ठेवू नका. रात्री कोणत्या वेळी घरातले सगळे फोन, तुमचेही, एका जागी ठेवले जातील ते ठरवा. आणि कोणतं बंधन कोणत्या महिन्यात उठणार, ते त्याच दिवशी त्याला तारखेसह सांगून टाका.